थोमाला ‘संशयी’ म्हणण्याआधी

माननीय संपादक,
स. न.

ईस्टरनंतरच्या रविवारी बहुतेक चर्चमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला थोमा या येशूच्या शिष्याचा उतारा वाचला जातो आणि उपदेशात ‘संशयी थोमा’ला हमखास चार शब्द ऐकवले जातात. त्याच वेळी मागच्या बाकावर असा कुणीतरी बसलेला असतो, ज्याच्या तोंडून कित्येक महिने प्रार्थना फुटलेली नाही. तो हे ऐकतो आणि आणखी गप्प होतो. हे नुकसान आपण मंडळीतले लोकच करतो, म्हणून हे पत्र.

उतारा नीट वाचावा. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला त्या पहिल्या संध्याकाळी थोमा नव्हता. ‘आम्ही प्रभूला पाहिले’ हे शिष्यांचे सांगणे त्याला पटले नाही आणि तसे त्याने तोंडावर सांगितले. तरीही आठ दिवसांनी तो त्याच माणसांत बसलेला दिसतो. त्यांनी त्याला बाहेर काढले नाही, तोही उठून गेला नाही. येशूने त्याने मागितले तेच, हातांवरचे व्रण आणि कुशीतली जखम, त्याच्यापुढे धरले. तुरुंगातून ‘येणारा तो (म्हणजे वचन दिलेला मसीहा) तूच का?’ असे विचारायला लावणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानालाही (मत्तय ११) येशू रागावला नाही. निरोपे परतल्यावर त्याने लोकांपुढे योहानाची थोरवीच सांगितली.

खचलेल्या माणसाला कसे सावरावे, याचा क्रम जुन्या करारातल्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात आहे. कर्मेल डोंगरावर बआलाच्या संदेष्ट्यांवर जिंकलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, चाकराला बैर-शेबात सोडतो, एक दिवसाची वाट एकटाच चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. हात लावून उठवतो, ‘खा’ म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन एलीया पुन्हा आडवा होतो, तर त्याला झोपू दिले जाते. मग पुन्हा भाकर. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब या देवाच्या डोंगरावर पोहोचल्यावर देवाकडून येतो. तो दोनदा विचारला जातो आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे शब्दशः सांगतो. कुणी मध्येच तोडत नाही. शेवटी नेमून दिलेली कामे मिळतात, अलीशासारखा सोबती मिळतो आणि देवाला धरून राहिलेले ७,००० जण अजून शिल्लक असल्याचे कळते. ‘मी एकटाच उरलो’ हे त्याचे म्हणणे चुकीचे होते, पण ती चूक सर्वांत शेवटी दाखवली गेली. आपण आधी चूक दाखवतो आणि वर तीन दिवसांचा उपास सांगतो. रात्र रात्र जागणाऱ्या, अन्न न जाणाऱ्या माणसाला उपास!

संशयही एकाच जातीचा नसतो. काहींना खरोखर प्रश्न असतो. त्यांनी तो कागदावर एका वाक्यात लिहावा. ‘सगळेच खोटे वाटते’ यावर कुणी बोलू शकत नाही. ‘पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेशी गेलेल्या स्त्रियांची नावे चार शुभवर्तमानांत वेगवेगळी का?’ यावर पाळक तासभर बसू शकतात. घरात मृत्यू झालेल्याचा संशय मात्र जखमेतून आलेला असतो. त्याच्यापुढे पुरावे मांडणे म्हणजे पोट दुखणाऱ्याच्या डोक्याला बाम चोळणे.

प्रार्थना सुचत नसेल तर बायबलच्या स्तोत्रसंहितेतले तेरावे स्तोत्र वहीत उतरवून घ्यावे. सहाच वचने आहेत. पहिल्या दोनांत चार वेळा तोच प्रश्न: अजून किती काळ? पुढच्या दोनांत साधी मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. प्रत्येक जोडीखाली आपले गाऱ्हाणे आपल्या शब्दांत लिहून मोठ्याने वाचावे. दहा मिनिटे पुरतात. शेवटची दोन वचने तोंडातून निघत नसतील तर चौथ्यावर थांबावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक संत इग्नेशियस यांच्या १५४८ साली छापलेल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात एक नियम आहे: मन कोरडे पडले असताना आधीचा निर्णय बदलू नये. संडे स्कूल सोडायचे, गायकवृंद सोडायचा, तर ते मन थाऱ्यावर आल्यावर ठरवावे.

मात्र झोप, भूक आणि कशातलाही रस दोन आठवड्यांहून जास्त गेला असेल, तर पाळकांनी स्वतः डॉक्टरांकडे न्यावे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र सुरू असते. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी, असे कुणीही म्हणू नये. देवदूतानेही आधी भाकरच दिली.

पाळकांना आणि फादरांना विनंती आहे. थोमाच्या रविवारी उपासना संपल्यावर अर्धा तास मागच्या बाकावर बसा. कुणी येऊन बोलले तर ऐका. आणि त्याने जे सांगितले, ते संध्याकाळी ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

– एक वाचक, वसई