मागच्या वर्षीची काडी

लीड्स, २६ जून

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि ऊन आत्ता कुठे कुंपणावरून उतरतंय. तुमच्याकडे दोन वाजून गेले असतील, म्हणून फोन न करता लिहायला बसले. माझ्या हनीसकलच्या वेलीला फुलं आली. भरभरून आली!

बाबा, तुम्ही हिलाही मधुमालतीच म्हणता आणि दर रविवारी विचारता, "तुझ्या मधुमालतीला कळ्या दिसतायत का?" आपल्या फाटकावरची मधुमालती वेगळ्या कुळातली, पण दोघींचा स्वभाव सारखा. दिवसभर गप्प, आणि अंधार पडायला लागला की वास सुटतो. आपली पांढरी उमलते आणि गुलाबी होत होत लाल होते. ही दुधाळ उमलते नि पिवळी पडत जाते, बाहेरून तांबूस. इथल्या रानातलीच वेल आहे ही.

आई, काल छोटीला एक गंमत दाखवली. फूल बुडाशी चिमटीत धरून तोडायचं आणि आतला तंतू हळूच खाली ओढायचा. टोकाला रसाचा एवढासा थेंब येतो, साखरेच्या पाकासारखा. तेवढ्यात एक मोठा पतंग आला, गुलाबी आणि शेवाळी रंगाचा. फुलावर बसला नाही, समोर हवेतच थरथरत राहून लांब सोंडेने रस प्यायला. छोटी श्वास रोखून बघत होती. पुढे हिला लालभडक फळं धरतील, ती मात्र खाल्ली तर बाधतात, म्हणून हाताला येतील तेवढी मी आधीच काढून टाकणार आहे.

बाबा, दोन वर्षांपूर्वीची गोष्ट तुम्हाला नीट सांगितली नव्हती. मार्चमध्ये मी ही वेल गुडघ्यापर्यंत छाटली. खरड छाटणीच केली म्हणा. पालवी जोरात फुटली, पण त्या उन्हाळ्यात एक फूल नाही. तेव्हा मला तासगावची आपली द्राक्षबाग आठवली. एप्रिलच्या छाटणीनंतर तुम्ही काड्यांकडे बोट दाखवून म्हणायचात, "काडी पिकू दे, घड तिच्यातच आहे." हिचंही तसंच, फूल येतं ते मागच्या वर्षीच्या काडीवर, आणि मी नेमक्या त्याच काड्या काढून टाकल्या होत्या. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मला इथे येऊन कळली, याचं फार वाईट वाटलं. आता फुलं सरली की ऑगस्टमध्ये फक्त तिसरा हिस्सा कापते.

पानांवर भुरीही आली होती, ती पांढरी बुरशी. तुम्ही असतात तर आधी बूड बघितलं असतंत. वेल भिंतीला चिकटून लावलेली, तिथे पाऊस पोचतच नव्हता. उपटून दीड फूट पुढे लावली, बुडाशी कुजलेल्या पाल्याचा जाड थर दिला. मुळं सावलीत आणि शेंडा उन्हात, एवढंच तिला हवं असतं. कोवळ्या शेंड्यांवर माव्याची कीड येते, ती पाण्याच्या फवाऱ्याने जाते.

आता दुसरं. शेजारच्या काकूंनी सांगितलं की बाबा स्टुलावर चढून मधुमालती छाटतात आणि आई, तू खालून स्टूल धरतेस. बाबा, बीपीच्या गोळ्यांनी तुम्हाला चक्कर येते. आई, तुझे गुडघे दुखतात. मला रात्री झोप लागत नाही हे ऐकल्यापासून.

मी १८ डिसेंबरला येते आहे. मधुमालतीला नव्या फुटीवर फुलं येतात, त्यामुळे तोवर वाढली तरी काही बिघडत नाही. फाटक उघडताना डोक्याला लागली तर दोरीने बाजूला बांधून ठेवा. छाटणीच्या कात्रीला तेवढी धार लावून आणा. तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा आणि कुठली फांदी काढायची ते सांगा. चढेन मी.

तुमची,
मनू