'आक्स' आणि आमचा 'डेक्स'

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

लंडनच्या तुझ्या ऑफिसात माणसं 'आस्क'ला 'आक्स' म्हणतात, 'वॉटर'मधला ट गिळतात, 'एस्प्रेसो'चा 'एक्स्प्रेसो' करतात. "आणि आई, तू मला लहानपणी उगाच छळलंस!" हे तुझं पत्र वाचून आधी हसले, मग ओशाळले.

ओशाळले ती 'आक्स'मुळे. माझ्या वर्गात एक मुलगा 'डेस्क'ला 'डेक्स' म्हणायचा. त्याला उभं करून मी दहा वेळा म्हणायला लावलं. दहाव्यांदाही 'डेक्स'च. सगळा वर्ग फिदीफिदी हसला, मीही हसले. निवृत्तीनंतर वाचनात आलं, की 'स्क' आणि 'क्स' ही दोन्ही रूपं 'आस्क' या क्रियापदाला हजार वर्षांपासून आहेत. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर 'क्स' लिहितो. १५३५ सालच्या, कव्हरडेलने केलेल्या इंग्रजी बायबलात 'मागा म्हणजे मिळेल' या वचनातही 'क्स'च छापलाय. आज तिकडे असं बोलणाऱ्याला अडाणी ठरवतात, त्यातून तो काळा असला की विचारूच नकोस. बायबलाला मात्र कुणी उभं केलं नाही.

'बर्ड' मूळचा 'ब्रिड', 'थर्ड' मूळचा 'थ्रिड'. 'एप्रन' तर आधी 'नॅप्रन' होता. त्याचा 'न' अलीकडच्या 'अ'ने पळवला आणि स्वतः 'ॲन' झाला. आपल्या एसटीवाल्यांनी सिग्नलचा 'सिंगल' केला तर आपण नाकं मुरडतो!

कुरकुरही तितकीच जुनी. सॅम्युअल रॉजर्स नावाच्या कवीला 'बाल्कनी'चा आघात मधल्या अक्षरावरून पहिल्यावर आलेला ऐकून मळमळायचं म्हणे. आज मधल्या अक्षरावर जोर दिलास तर तुलाच हसतील. बीबीसीने १९२६ साली निवेदकांच्या उच्चारांसाठी समितीच नेमली, अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, सभासदांत बर्नार्ड शॉ. एवढी थोर मंडळी बसूनही तुझ्या ऑफिसातला ट काही वाचला नाही.

तरी 'एक्स्प्रेसो' मला चालणार नाही. का, ते विचारू नकोस. बत्तीस वर्षं हातात खडू होता, खोड जाते का?

थंडीत कान झाकत जा. आणि परवा फोनवर तू 'शेड्यूल'ला अमेरिकनांसारखं 'स्केड्यूल' म्हणालीस. बाबांच्या लक्षात आलं नाही, मी ऐकलंय.

तुझी,
आई