विंचू, प्लेटलेट आणि तुझा रविवारचा प्रश्न

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू विचारलंस, "आई, डॉक्टर व्हायचं ठरवू की रिसर्चला जाऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत रेक्टरबाईंनी फोन ठेवायला लावला. बरंच झालं. असल्या प्रश्नाला दोन मिनिटांत उत्तर दिलं की त्याचा सल्ला होतो, आणि सल्ले तुला क्लासमध्ये ढिगानं मिळतायत. "गोंधळलेल्या मुलांचा स्कोअर पडतो" असं तुझे सर म्हणाले म्हणे. अकरावीत गोंधळायचं नाही तर मग कधी, असं त्यांना विचारायला हवं. (विचारू नकोस. वर्षभर डोळ्यावर येशील.)

मला विचारशील तर, रोग्याला बरं करणारी माणसं वेगळी आणि शोध लावणारी वेगळी, हा समजच कच्चा आहे. आपल्यापासून एसटीने तासाभरावर महाड आहे. तिथले डॉ. हिम्मतराव बावस्कर तुला नावानं माहीत आहेत, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा घरात बोलणं झालं होतं. पण पद्मश्रीच्या बातमीत सत्कार असतो, काम नसतं. काम असं होतं.

हा माणूस जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला. नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७० च्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आला. कोकणात तेव्हा लाल विंचू चावून माणसं मरत होती, त्यातही लहान मुलं जास्त. पेंढा ओढताना, चिऱ्याच्या भेगेत हात गेल्यावर, अंधारात चप्पल पायात सरकवताना. आधी मांत्रिक, मग दवाखाना, तोवर पोर गार पडलेलं. दवाखान्यात तरी काय होतं? स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन, सलाईन. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना विंचवानं माणूस मरतो हेच फारसं माहीत नव्हतं, कारण त्यांच्या वॉर्डात तसे पेशंट येतच नव्हते.

बावस्करांनी काय केलं तर पेशंटच्या खाटेजवळ बसून राहिले आणि दिसेल ते लिहीत गेले. घाम किती सुटला, उलट्या कधी सुरू झाल्या, हातपाय गार कधी पडले, बीपी कधी चढलं, कधी कोसळलं, तोंडाला फेस कधी आला. वाचायला सोपं वाटतं. रात्रपाळीत एका पेशंटचं बीपी दर थोड्या वेळानं घेऊन कागदावर उतरवणं किती जिवावर येतं, ते आमच्या सिस्टरना विचार. त्या नोंदींतून एक क्रम दिसायला लागला: आधी घाम, उलटी, गार पडलेले हातपाय आणि चढलेलं बीपी, मग फुप्फुसात पाणी, मग मृत्यू. म्हणजे कोणता पेशंट हातचा जाणार, हे काही तास आधी ओळखता येत होतं. ही लक्षणं त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापली. लंडनचं वैद्यकीय साप्ताहिक आणि मजकूर आपल्या महाडच्या खाटेवरचा!

पुढचं तुझ्या फिजिऑलॉजीतलं आहे, म्हणून जरा थांबून वाच. विंचवाचं विष मज्जातंतूंवरचे सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत शिरायची दारं, मिटू देत नाही. त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायनं एकदम अंगात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता हृदय दमतं. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध द्यायला हवं, हा विचार ओघानंच येतो. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइडची सलाईन वापरली, पण त्यावर सतत नजर लागते, खेड्यात ते कुणी करायचं? मग प्राझोसिन. साधी ब्लडप्रेशरची गोळी, कुठल्याही आरोग्य केंद्रात पोटात देता येण्यासारखी. १९८६ ला तेही 'लॅन्सेट'मध्ये आलं. गंभीर पेशंटांतल्या मृत्यूंचं प्रमाण शंभरात चाळीसच्या घरात होतं, ते एकाच्या आसपास आलं. नवीन औषध शोधलं नाही, नवं यंत्र नाही. जुनी गोळी योग्य जागी नेऊन ठेवली.

आणि मला सगळ्यात आवडतं ते याच्यानंतरचं. प्राझोसिन म्हणजे बावस्कर, असं नाव झालं होतं. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर आयुष्य काढलं असतं. पण मधल्या काळात विंचवाच्या विषावरचं प्रतिविष, म्हणजे अँटिव्हेनम, तयार झालं होतं. गोळी एकटी बरी की प्रतिविषासोबत बरी? त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडलाच ७० पेशंट घेतले. ३५ जणांना नुसती गोळी, ३५ जणांना गोळी आणि प्रतिविष. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्या गटात ३२. २०११ ला हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. आपल्याच गोळीला आणखी कशाची तरी जोड लागते, हे स्वतःच्या हातानं सिद्ध करून जगाला सांगायचं. याला तू डॉक्टरकी म्हणशील की रिसर्च?

आता म्हणशील, ती मोठी माणसं. तर मग आमच्या लॅबमधलं ऐक. सरकारी कागदावर माझं पद 'प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी' आहे. पेशंट 'रक्तवाल्या बाई' म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

गणपतीच्या आधी तापाचे पेशंट किती असतात ते तू पाहिलंयस. तेव्हा एका ताईंचं सॅम्पल आलं. रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्रानं प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, दाखवल्या २२ हजार. दीड लाखाच्या वर हव्यात. नवरा बाहेर फोनवर रडतोय, अलिबागला न्यायची गाडी ठरवतोय. मी मात्र खाटेवर बसलेल्या ताईंकडे बघत होते. ताप उतरलेला, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, बिस्किट चहात बुडवून खातायत. आकडा आणि माणूस जुळेना. म्हणून त्याच रक्ताची स्लाइड केली. थेंब काचेवर ठेवायचा, दुसरी काच तिरकी धरून थेंबाला टेकवायची, थेंब कडेनं पसरला की एका हातानं सरळ पुढे न्यायची. घावन घालताना पीठ पसरतं तसं, जाडापासून झिरझिरीत होत जायला हवं. वाळवून, रंगवून, तेलाचा थेंब घालून शंभराच्या भिंगाखाली धरली. स्लाइडच्या झिरझिरीत टोकाला प्लेटलेटचे घोसच्या घोस. म्हणजे प्लेटलेट कमी नव्हत्याच. जांभळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, म्हणजे रक्ताच्या नळीत, रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, आणि काही थोड्या लोकांच्या रक्तात त्या ईडीटीएमुळेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. यंत्र बिचारं एकेकटी प्लेटलेट मोजतं, घोस त्याच्या हिशेबात येत नाही. निळ्या झाकणाच्या बल्बमध्ये, ज्यात ईडीटीएऐवजी सायट्रेट असतं, पुन्हा रक्त घेतलं, लगेच मोजलं. एक लाख ऐंशी हजारांच्या पुढे. गाडी रद्द.

यात मी काही शोधलं नाही, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकातलं त्या दिवशी आठवलं ते आकडा पटला नाही म्हणून. मनू, आकडा पटला नाही की थांबायचं, एवढी सवय तुला लागली तर तू पुढे काय होतेस याची मला फारशी काळजी नाही.

यासाठीच म्हणते, दिवाळीच्या सुट्टीत आठवडाभर माझ्याबरोबर लॅबला ये. अधीक्षकांची लेखी परवानगी मी घेते. तू पेशंटला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही, बघायचं आणि विचारायचं. मलेरियाची जुनी, तपासून झालेली स्लाइड मी तुला देईन. जाड थेंबाची शंभर फील्ड (भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नाही, असा नियम आहे. पहिली वीस मजेत जातात. चाळिसाव्याला मान दुखते. सत्तराव्याला वाटतं, नसणारच, लिहून टाकू. त्या सत्तराव्याला तुझं काय होतं ते मला बघायचं आहे, आणि तूही बघ. डॉक्टर असो, संशोधक असो, दिवसाचा बराच भाग हाच असतो. टीव्हीवरच्या मालिकांत तो कापतात.

प्रॅक्टिकलला मैत्रिणीच्या बोटातून रक्त काढताना तुला भोवळ आली, आणि त्यावरून "मी या लाइनची नाहीच" हा निकाल तू लावून मोकळी झालीस. अगं, रक्त बघून काही लोकांच्या व्हेगस नर्व्हला उगाच हुरूप येतो. नाडी मंदावते, बीपी उतरतं, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं, माणूस आडवा होतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे, म्हणून लगेच शुद्ध येते. पहिल्या वर्षाला कित्येक एमबीबीएसवाले असेच पडतात. पुन्हा तसं वाटायला लागलं तर मांड्या आणि दंड घट्ट आवळून धर, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग सोड, मग पुन्हा. त्यानं बीपी टिकतं. तरीही वाटलं तर सरळ खाली बस, लाज कसली? भिंतीला टेकून उभी राहू नकोस, पडलीस तर डोकं आपटतं. सवयीनं हे बऱ्याच जणांचं जातं.

दुसरं एक सुचवायचं आहे. शाळेत दर आठवड्याला ती लोहाची निळी गोळी मिळायची, आठवते? निम्म्या पोरी ती खिडकीतून टाकायच्या, हे तूच मला सांगितलं होतंस. देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना अ‍ॅनिमिया आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आलं. गोळी आहे, फुकट आहे, शाळेत हातावर मिळते, तरी हे का? लोहाची कमतरता कळायला माझी लॅब पुरते. गोळी खिडकीबाहेर का जाते, हे कळायला लॅब पुरत नाही. मळमळतं म्हणून? उपाशीपोटी दिली म्हणून? शौच काळं होतं, त्याची भीती कुणी घालवली नाही म्हणून? "पोरं होत नाहीत" असं कुणाच्या आत्यानं सांगितलं म्हणून? तू तिथे पन्नास मुलींबरोबर राहतेस. आमच्या कुठल्याही डॉक्टरला मिळणार नाही अशी जागा आहे ती. ज्या आपणहून बोलतील त्यांच्याशी बोल, वहीत लिही. नावं लिहायची नाहीत, एकीचं दुसरीला सांगायचं नाही, कुणाच्या पाळीबद्दल नको वाटत असेल तर खोदून विचारायचं नाही. आणि कारण आधी ठरवून प्रश्न विचारू नकोस, मग हवं तेच उत्तर मिळतं.

परीक्षेचं थोडक्यात. 'नीट', म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, द्यायचीच, आणि चांगली द्यायची. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यात निम्मं बायोलॉजी, म्हणजे तुझं आवडीचं. पण चार पर्यायांतून एक निवडायचं ते कौशल्य आहे, विज्ञान त्याच्या बाहेरही पुष्कळ आहे. पुण्यातच आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था, आहे, त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते, फॉर्म भरून ठेव. बायोलॉजी ऑलिंपियाडची पहिली फेरी नोव्हेंबरात असते, क्लासवाले त्याला वेळेचा अपव्यय म्हणतील, तू एकदा बसून बघ. नर्सिंग, फिजिओथेरपी, फार्मसी, मायक्रोबायोलॉजी हे 'एमबीबीएस नाही मिळालं म्हणून' करायचे कोर्स आहेत असं कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव. खासगी कॉलेजच्या फीचा विचार आज तू करायचा नाही. बाबांनी आणि मी तो कागदावर मांडला आहे, दिवाळीत तुला दाखवू, लपवण्यासारखं काही नाही.

डबा एसटीच्या पार्सलनं पाठवलाय, नाचणीचे लाडू आहेत, वाटून खा. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, लोह शोषलं जात नाही. हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस राहिलाय, लॅबला यायच्या आधी तो झालाच पाहिजे, नाहीतर दारातूनच परत.

आणि एक. त्या ताईंच्या सायट्रेटच्या बल्बवर यंत्रानं जो आकडा दाखवला, तो मी तसाच रिपोर्टवर लिहिला नाही. १.१ नं गुणला, मग लिहिला. का गुणला असेल? बल्बमध्ये आधीपासून काय आणि किती असतं, यावरून निघेल. गूगल न करता काढ आणि पत्रानं कळव, फोननं नको.

तुझी,
आई