आकड्यापुढचं एकक

प्रिय मनवा,

"कुत्र्याच्या औषधाचा वजनाप्रमाणे डोस म्हणजे नक्की कसा काढायचा?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देऊन भागत नाही, ते कागदावरच मांडावं लागतं. एक गोष्ट आधीच सांगते. कुठलं औषध, किती दिवस आणि द्यायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. हे गणित त्यांच्याऐवजी नाही. पण त्यांनी चिठ्ठीवर लिहिलेला आकडा शेवटी तुझ्या हातून सिरिंजमध्ये येतो, आणि तिथे चूक झाली तर ती तुझ्याच लक्षात यायला हवी.

गणित दोन पायऱ्यांचं आहे. वजन किलोत घे, त्याला दर किलोमागच्या मिलिग्रॅमने गुण. जे येईल ते मिग्रॅ. मग त्या मिग्रॅला औषधाच्या ताकदीने भाग. पातळ औषध असेल तर ताकद म्हणजे दर मिलीत किती मिग्रॅ, गोळी असेल तर दर गोळीत किती. पहिल्या पायरीचं उत्तर कुत्र्याचं असतं, दुसरीचं त्या बाटलीचं. बाटली बदलली की दुसरं उत्तर बदलतं.

मेलोक्सिकॅमचं उदाहरण घे. सांधेदुखीसाठी कुत्र्यांना हे सर्रास देतात. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ, नंतर रोज एकदा ०.१ मिग्रॅ. कुत्रा १२ किलोचा असेल तर पहिल्या दिवशी २.४ मिग्रॅ, पुढे रोज १.२ मिग्रॅ. बाटलीवर "दर मिलीत १.५ मिग्रॅ" असेल तर पहिल्या दिवशी १.६ मिली आणि नंतर ०.८ मिली. आता हेच औषध दर मिलीत ०.५ मिग्रॅ अशा ताकदीतही मिळतं. त्या बाटलीतून रोजचा डोस होतो २.४ मिली. कुणी "आम्ही २.४ मिली देतो" असं सांगितलं आणि तू तेवढंच १.५ च्या बाटलीतून काढलंस, तर १२ किलोच्या कुत्र्याच्या पोटात १.२ ऐवजी ३.६ मिग्रॅ जाईल, म्हणजे तिप्पट. म्हणून चिठ्ठीवर नुसतं "०.८ मिली" असेल तर तिथेच विचार, "किती ताकदीच्या बाटलीतून?" ताकद लिहिलेली नसेल तर मिलीचा आकडा अर्धवट आहे.

याच औषधाबरोबर काही वेळा एक वेगळी सिरिंज येते, तिच्यावर मिली नसून किलो छापलेले असतात. "१२" ची रेघ म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस. हे नीट बघ, कारण दुसरी सिरिंज हाताशी आली की तोच १२ डोक्यात राहतो. साध्या सिरिंजमध्येही रेघांची किंमत सारखी नसते. १ मिलीच्या सिरिंजवर बारीक रेघ ०.०१ ची, ३ मिलीच्या सिरिंजवर ०.१ ची, ५ मिलीच्या सिरिंजवर ०.२ ची. दट्ट्याच्या काळ्या रबराला दोन कडा दिसतात, त्यातली सुईच्या बाजूची वरची कड रेघेला लागली पाहिजे. चमचा वापरू नकोस, घरातले चमचे एका मापाचे नसतात. आणि गढूळ औषध, ज्यात खाली साका बसतो, ते प्रत्येक वेळी नीट हलव. नाही तर सुरुवातीचे डोस पाण्यासारखे जातात आणि तळाचे डोस दाट.

टक्केवारी दिसली तर घाबरू नकोस. १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजेच दर मिलीत १० मिग्रॅ. टक्क्यांना १० ने गुणलं की ताकद मिळाली.

आता आयव्हरमेक्टिनबद्दल जरा थांबून लिहिते, कारण माझ्या मते घरगुती अंदाजाने द्यायला याच्याइतकं धोक्याचं औषध दुसरं क्वचितच असेल. हृदयातल्या जंतांपासून बचावासाठी महिन्यातून एकदा जो डोस देतात, तो किलोमागे ६ मायक्रोग्रॅम असतो. मायक्रो, मिली नाही. १० किलोच्या कुत्र्याला ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०६ मिग्रॅ. गुराढोरांसाठी जे १ टक्क्याचं इंजेक्शन मिळतं त्यात दर मिलीत १० मिग्रॅ असतात. भागाकार कर: ०.००६ मिली. १ मिलीच्या सिरिंजवरच्या सगळ्यात बारीक रेघेहूनही कमी! त्या बाटलीतला एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, म्हणजे अर्धा मिग्रॅ, म्हणजे हव्या त्या डोसच्या आठपट. "एक थेंबच तर दिला" असं म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसतं. आणि कुणी मायक्रोग्रॅमला मिलिग्रॅम समजलं तर चूक थेट हजारपट.

खरजेसाठी डॉक्टर हेच औषध पुष्कळ जास्त मात्रेत देतात. ते चूक नसतं, पण त्याआधी ते जात बघतात. कोली, शेटलंड शीपडॉग, ऑस्ट्रेलियन शेफर्ड अशा जातींत आणि त्यांच्या संकरात एक जनुकीय दोष आढळतो. मेंदूत शिरू पाहणारं औषध बाहेर ढकलणारा एक पंप असतो, तो या कुत्र्यांत काम करत नाही. मग मोठ्या मात्रेतलं आयव्हरमेक्टिन मेंदूत साठतं. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, पाय लटपटतात, दिसेनासं होतं, शेवटी बेशुद्धी. जुलाबावर माणसं घेतात ते लोपेरामाइडही या कुत्र्यांना असंच भोवतं. दोषाची तपासणी गालाच्या आतून किंवा रक्तातून घेतलेल्या नमुन्यावर होते. पिल्लू संकरित असेल आणि मोठ्या मात्रेचा विषय निघाला, तर ती तपासणी करून घ्यायचा आग्रह तूच धर.

"माणसाच्या मानाने कुत्रा लहान, म्हणून डोसही तेवढाच लहान" हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसतो. थायरॉइडची गोळी घे. माणसाला पूर्ण डोस किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागतो, कुत्र्याला सुरुवातीलाच किलोमागे साधारण २० मायक्रोग्रॅम, तोही बहुधा दिवसातून दोनदा. २० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ०.४ मिग्रॅ लिहून दिलेलं पाहून औषधाच्या दुकानातला माणूस चमकतो. चमकू दे. कुत्र्याचं शरीर ते औषध फार भराभर संपवतं.

उलट नेप्रोक्सेन, हे माणसांचं वेदनाशामक. माणसाच्या रक्तातलं ते १२ ते १७ तासांत अर्ध्यावर येतं, कुत्र्याच्या रक्तात त्याला जवळजवळ ७४ तास लागतात. म्हणजे आजची गोळी ओसरायच्या आतच उद्याची तिच्यावर चढते. पोटात अल्सर, काळी शी, मूत्रपिंडं निकामी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकही याच रांगेतले. यांचा डोस काढूच नकोस, कारण घरी काढण्यासारखा सुरक्षित डोस नाही. पॅरासिटामॉल कुत्र्याला डॉक्टर कधी कधी देतात, पण स्वतःहून नको. मांजर असलेल्या घरात तर अजिबात नको, मांजराला ते जीवघेणं आहे. लहान मुलांचं गोड सिरप हाताशी असेल तर घटक वाच. झायलिटॉल असेल तर औषध बाजूलाच राहिलं, साखरेऐवजी घातलेली ती गोडीच कुत्र्याला विष आहे. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेली तरी रक्तातली साखर धाडकन खाली येऊ शकते.

"दिवसाला" आणि "एका वेळी" यातला घोळ फार होतो. कारप्रोफेन या वेदनाशामकाचा डोस किलोमागे दिवसाला ४.४ मिग्रॅ, किंवा तोच दोन वेळांत वाटून २.२ आणि २.२. घाईत वाचलं की "४.४, दिवसातून दोनदा" होतं आणि डोस दुप्पट. आणि वेदनेच्या या औषधांबरोबर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कधीच चालवायचं नाही. दोन्हींचा डोस बरोबर असला तरी जठराला भोकं पडू शकतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलीस तर आधीची चिठ्ठी बरोबर ने.

जंताच्या गोळीवर तुला जे दोन आकडे गोंधळात टाकत होते, ते असे. पायरँटेल हे पामोएट या क्षाराच्या रूपात येतं. १४४ मिग्रॅ पायरँटेल पामोएट म्हणजे ५० मिग्रॅ पायरँटेल. डोस लिहिलेला असतो किलोमागे ५ मिग्रॅ, तो शुद्ध पायरँटेलचा. म्हणून १४४ ची गोळी १० किलोला एक बसते. १४४ ला ५ ने भागून "२९ किलोला एक" असं काढलंस तर जंत मरणारच नाहीत.

वजन अंदाजाने नको. कुत्र्याला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटी, आणि वजाबाकी कर. ३० किलोच्या कुत्र्यात अर्धा किलो इकडे तिकडे झालं तर बिघडत नाही. २ किलोच्या पिल्लात तोच अर्धा किलो म्हणजे डोसमध्ये चौथ्या हिश्श्याची चूक, त्याला छोट्या काट्यावरच ठेवायचं. पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं, मागच्या चिठ्ठीचा डोस पुढे चालवू नकोस. काट्यावर पौंड दिसत असतील तर २.२ ने भाग. कुत्रा फार लठ्ठ असेल तर डॉक्टर काही औषधं आजच्या वजनाऐवजी असायला हव्या त्या वजनावर काढतात, ते विचारून घे.

गोळीवर मधोमध खाच असेल तरच मोड. खाच नसलेल्या गोळीचे तुकडे सारखे होत नाहीत. सावकाश विरघळणारी गोळी तर मोडायची नाही की कुटायची नाही, बारा तासांचं औषध एकदम उतरतं.

आकडा लिहिताना ".५" लिहू नकोस, "०.५" लिही. टिंब पुसलं गेलं की पाच होतं. "५.०" सुद्धा नको, त्याचं पन्नास होतं.

डोस चुकला तर पुढचा दुप्पट करायचा नाही. दिल्यावर उलटी झाली तर परत देण्याआधी डॉक्टरांना विचार.

आणि कुत्र्याने गोळ्यांची पट्टीच फोडून खाल्ली तर हेच गणित उलटं कर. समजा आयब्युप्रोफेन ४०० च्या ३ गोळ्या कमी दिसताहेत आणि कुत्रा १२ किलोचा. १२०० भागिले १२, किलोमागे १०० मिग्रॅ. किती गेल्या ते नक्की नसेल तर जास्तीत जास्त धर. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नकोस, मिठानेच जीव जाऊ शकतो. कुत्रा बरा दिसतोय म्हणून वाटही बघू नकोस. डॉक्टरांना फोनवर वजन, औषधाचं नाव, हा आकडा आणि खाल्ल्याची वेळ सांग, फाटकी पट्टी पिशवीत टाक आणि त्याला घेऊन लगेच नीघ.

तुझी,
आई