सॉफ्टवेअरने अंदाज बांधू नये, सांगितलेले ऐकावे

मा. संपादक,
स. न.

प्रत्येकाच्या गरजेनुसार सॉफ्टवेअरने बदलावे, ही मागणी रास्तच आहे. पण बदलायचे कोणाच्या सांगण्यावरून, हे आधी ठरले पाहिजे. वापरणाऱ्याने स्वतः सांगितलेली गरज वेगळी आणि त्याच्या सवयींवरून यंत्राने बांधलेला अंदाज वेगळा.

मायक्रोसॉफ्टने ‘ऑफिस २०००’मध्ये अंदाजाचा मार्ग धरून पाहिला. क्वचित लागणाऱ्या आज्ञा मेनूतून लपवल्या जात. तळाच्या बाणावर क्लिक केले की दिसत. पण रोजच्या आज्ञेची जागा हाताला पाठ असते. शोधावी लागते ती वर्षातून एकदा लागणारी, आणि नेमकी तीच लपलेली! शिवाय दोघांच्या पडद्यावर मेनू वेगळे, म्हणून ‘वरून चौथी ओळ’ असे फोनवर सांगण्याचीही सोय उरली नाही. २००७च्या आवृत्तीत वर्ड-एक्सेलमधून हे मेनू गेले.

उलट, जे स्पष्ट सांगितलेले असते तेच अनेक अॅप ऐकत नाहीत. अक्षर मोठे करण्याची सोय फोनमध्ये असते. अँड्रॉइड १४ मध्ये ती २०० टक्क्यांपर्यंत वाढली. मात्र अॅप तयार करताना अक्षराचे माप ‘एसपी’ऐवजी (या सेटिंगप्रमाणे बदलणारे एकक) ‘डीपी’त (सेटिंगने न बदलणारे एकक) दिले, तर ही सेटिंग त्या अक्षराला लागूच होत नाही. माप एसपीत दिले, पण बटणाची उंची ४८ डीपीवर बांधून टाकली, तर अक्षर वाढते आणि चौकट तेवढीच राहते. देवनागरीला याचा फटका जास्त बसतो, कारण आपल्या मात्रा, अनुस्वार वर आणि उकार खाली. खालचा उकार छाटला गेला की ‘सुरू’चे ‘सरू’ होते. उपाय अवघड नाही: ४८ ही किमान उंची ठेवावी, कमाल नव्हे, मजकूर दुसऱ्या ओळीत उतरू द्यावा, आणि प्रत्येक पडदा २०० टक्क्यांवर मराठीत तपासावा. इंग्रजीत तपासून ही चूक सापडेलच असे नाही.

वेबसाठी डब्ल्यूसीएजीचे (संकेतस्थळे अपंगांनाही वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे) हे निकष २००८पासून आहेत: अक्षर दुप्पट केले तरी मजकूर वा सोय हरवू नये, नेहमीच्या आकाराच्या अक्षराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळ-गडदपणातील फरक) किमान ४.५ : १ असावा. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी लाल-हिरव्या खुणेसोबत शब्दही हवा. ‘हालचाल कमी करा’ ही फोनची सेटिंग ब्राउझरमार्फत संकेतस्थळाला कळू शकते. सरकत्या चित्रांनी ज्यांना गरगरते, त्यांच्यासाठी ती पाळलीच पाहिजे.

अंदाज पूर्ण टाकून द्यावा असे नाही. पण एक फोन घरात तिघे वापरतात, कोणाचा हात महिनाभर प्लास्टरमध्ये असतो. यंत्राला हे कळत नाही. म्हणून त्याने परस्पर बदल न करता आधी विचारावे, ‘नको’ म्हटल्यास पुन्हा विचारू नये आणि पूर्ववत करण्याचे बटण समोर ठेवावे. अपडेटनंतर या सेटिंग पुसल्या जाता कामा नयेत, आणि नव्या फोनवर त्या सोबत नेता आल्या पाहिजेत.

– एक सॉफ्टवेअर परीक्षक