तुझाच प्रश्न, रम्याच्या पोरीच्या तोंडी

सोलापूर

प्रिय सुध्या,

आईचे गुडघे आहेत तसेच, बाकी सगळे ठणठणीत. आता मुद्द्याचं ऐक, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

रम्याची मनी परवा वही घेऊन आली. डोळे सुजलेले. क्लासमध्ये तिनं विचारलं होतं, "ई बरोबर एफ भागिले क्यू, म्हणजे इलेक्ट्रिक फील्ड बरोबर बल भागिले टेस्ट चार्ज, मग तो मोजायला ठेवलेला टेस्ट चार्ज दुप्पट केला की फील्ड निम्मं का होत नाही?" सरांनी उभं करून सुनावलं, "फाटे फोडू नकोस, सूत्र पाठ कर." वर्ग हसला. आता म्हणते, सायन्स सोडून कॉमर्सला जाते.

अरे, हा शब्दन्‌शब्द तुझा प्रश्न! सात रस्त्यापासून तलावापर्यंत आपण यावर भांडत गेलो होतो, आणि त्या भरात माझी शेंगाचटणीची अख्खी पुडी तू संपवलीस. वसुली बाकी आहे.

मी तिला तिथंच बसवलं. टेस्ट चार्ज दुप्पट केलास तर त्याच्यावरचं बलही दुप्पट होतं, भागाकार तोच राहतो. तो नुसता मोजायला आलेला. लहान घ्यायचा तो एवढ्यासाठी, की मूळ चार्ज जागचा हलू नये. फील्ड ठरतं मूळ चार्ज किती, आपण किती लांब आणि मध्ये काय आहे, यावर. हेच सगळं पाण्यात असलं तर ते सुमारे 80 पटींनी घटतं, हे ऐकून तिनं पहिल्यांदा मान वर केली.

मग गणित दिलं. मूळ चार्ज एक मायक्रोकूलोम, 1 मीटरवर फील्ड 9,000 न्यूटन प्रति कूलोम. 2 मीटरला तिनं 4,500 लिहिलं, थांबली, खोडलं, 2,250 केलं. 3 मीटरला थेट 1,000. आणि लगेच, "काका, अंतराचा वर्गच का?" मी गोल काढला. अंतर दुप्पट की गोलाचं क्षेत्रफळ चौपट, आणि चार्जमधून निघणाऱ्या फील्डच्या रेषा मात्र तेवढ्याच. "म्हणजे विरळ होतात!" ती ओरडलीच. कूलोमनं 1785 मध्ये हे पिळाच्या तराजूवर, म्हणजे तार किती पिळते त्यावरून बल ठरवून, मोजलं, असं मी सांगितलं. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, कॅव्हेंडिशनं आधीच शोधलं होतं. हो बाबा, होतं. पण त्याचे कागद मॅक्सवेलनं छापले 1879 ला, हे माझं उत्तर आजही तेच.

एवढं समजलं, तरी जाताना म्हणाली, "वर्गात मी आता काही विचारणार नाही." तेव्हापासून मला झोप नाही रे. मार्क कमी पडले तर भरून काढता येतात. अशी पोरगी एकदा गप्प बसली की तिला परत बोलतं कोण करणार? रम्या म्हणतो, "कॉमर्स तर कॉमर्स." त्याच्याशीही माझं वाजलं.

तुमच्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींच्या बदलीचं काय झालं ते कळव.

शाखा बदलायची मुदत शनिवारपर्यंत आहे. त्याआधी मनीला फोन कर. तू हाच प्रश्न विचारायचास, हे तिला तुझ्या तोंडून ऐकू दे. रम्याचाच नंबर लाव, संध्याकाळी सातनंतर ती घरी असते.

तुझा,
अव्या