फाउंड्रीची काळी वाळूही काट्यावर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी ५ जूनच्या, पर्यावरण दिनाच्या सुमारास कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांच्या वृक्षारोपणाचे फोटो आपल्या अंकात येतात. रोपे लावावीत, त्याला कोण नाही म्हणेल? पण फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मागच्या फाटकातून काळ्या वाळूचे डंपर भरून बाहेर जातात, आणि त्या कारखान्याने पर्यावरणाचे काय केले याचा खरा हिशेब त्या डंपरमध्ये असतो. तो कुणी मांडत नाही. उमेदीची सगळी वर्षे मोल्डिंगवर (साचे करण्यावर) आणि वाळू तयार करणाऱ्या सँड प्लँटवर काढलेला माणूस म्हणून त्याबद्दल चार गोष्टी लिहितो आहे.

शेतीला पाणी उपसणाऱ्या ऑइल इंजिनांच्या जोरावर कोल्हापुरातली उद्यमनगर ही औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि त्या इंजिनांच्या ओतकामातून कोल्हापूरची फाउंड्री वाढली. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फाउंड्री आहेत आणि देशभरातल्या ट्रॅक्टर, ट्रक, पंप, व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांना इथले कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, जाते. या धंद्याचा मला अभिमान आहे. हजारो घरे त्यावर चालतात, माझेही चालले.

फाउंड्रीबाहेरच्या वाचकांसाठी थोडे समजावून सांगतो. लोखंडाचा रस ज्या साच्यात ओततात, तो सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि तीन-चार टक्के पाणी यांच्या मिश्रणाचा असतो. कास्टिंग निवले की साचा फोडतात आणि तीच वाळू पुन्हा मिक्सरला जाते. म्हणजे हा धंदा मुळात पुनर्वापराचाच आहे. अडचण अशी की रसाला लागून असलेल्या थरातली माती भाजून मरते, तिला पुन्हा चिकटपणा येत नाही. त्यात कास्टिंगच्या पोकळीसाठी रेझिन (चिकट रसायन) घालून केलेले वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, फुटून त्यांची नवी वाळू आत मिसळते. वाळू वाढत जाते, बिघडत जाते, म्हणून रोज थोडी बाहेर काढावी लागते आणि तेवढी नवी घालावी लागते. एक टन कास्टिंगमागे काही शे किलो वाळू अशी टाकाऊ होते. जिल्ह्याचे एकूण उत्पादन लक्षात घेतले की या 'काही शे किलो'चे डोंगर होतात.

आणि डोंगर हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. आपल्याकडे सिलिका वाळू मोठ्या प्रमाणावर सिंधुदुर्गातून, कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरातून येते. तिथली जमीन खणायची, वाळू धुवायची, ट्रकने घाट चढवून कोल्हापुरात आणायची, इथे वापरायची आणि मग एखाद्या खणीत नाहीतर ओढ्याकाठी नेऊन ओतायची. तिथे एक खड्डा, इथे एक ढीग. पावसाळ्यात त्या ढिगातली काळी माती कुठे वाहून जाते, हे ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला विचारावे. ज्या वाळूने रस पाहिला, तिला कायमचे मोडीत काढायची खरोखर गरज असते का, हा प्रश्न मला नोकरीत असल्यापासून पडत आला आहे.

कारखान्यातली एक रीत सांगतो, म्हणजे मी काट्याचा आग्रह का धरतो ते कळेल. भंगार आत येते तेव्हा ट्रक काट्यावर जातो. कास्टिंग बाहेर जाते तेव्हा पुन्हा काटा होतो. फेरोसिलिकॉन, पिग आयर्न, बेंटोनाइट, सगळे किलोवर मोजले जाते. टाकाऊ वाळू मात्र बहुतेक ठिकाणी खेपांवर जाते. आज तीन खेपा, उद्या दोन. खेपेत किती टन होते, त्यात कोअरचे गोळे किती, धूळ किती, चुकून गेलेले लोखंडाचे तुकडे किती, याची नोंद नसते. ज्याचे वजन नाही त्याचा खर्च कुणाच्या डोक्यात राहत नाही. मालकाला विचारा, वीजबिल शेवटच्या रुपयापर्यंत सांगेल. वाळू टाकायला महिन्याला किती गेले आणि तेवढीच नवी विकत घ्यायला किती, या दोन आकड्यांची बेरीज त्याने कधी केलेली नसते.

काटा लावला की पहिल्याच महिन्यात दिसते की वाळू वाया जाते ती फाटकावर नव्हे. ती शेडमध्ये वाया जाते, आणि तिथे सर्वांत मोठे भोक म्हणजे रिजेक्शन, खराब निघून नाकारलेले कास्टिंग.

समजा एक फाउंड्री महिन्याला ५०० टन कास्टिंग करते आणि तिचे रिजेक्शन सहा टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आले. म्हणजे दहा टन कास्टिंग वाचले. पण रनर-रायझर (रस साच्यात नेणाऱ्या वाटांत आणि वरच्या साठ्यांत गोठणारे लोखंड) धरून हिशेब केला आणि यील्ड, म्हणजे रसातून मिळणारे कास्टिंग, साठ टक्के मानले, तर दहा टन कास्टिंगसाठी साडेसोळा टनांहून जास्त रस वितळवावा लागलेला असतो. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीला एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. म्हणजे महिन्याला सुमारे दहा हजार युनिट नुसत्या खराब मालावर जळत होते. त्याखेरीज साच्याची वाळू, कोअरचे रेझिन, फेटलिंगची (कास्टिंग घासायची) चाके, ते साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टिंगचे शॉट (छर्रे) आणि माणसांचे कष्ट. खराब कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते म्हणून ते 'वाया गेले नाही' असे म्हणायची आपल्याकडे सवय आहे. लोखंड तेवढे परत मिळते. बाकी काहीच परत मिळत नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. हल्ली शेडवर सोलर पॅनेल बसवायची चढाओढ आहे आणि ती चांगलीच आहे. पण १०० किलोवॉटचे पॅनेल आपल्या भागात दिवसाला सरासरी ४०० युनिटच्या आसपास वीज देते. त्यात जेमतेम साडेसहाशे किलो लोखंड वितळते. महिन्याभरात त्या पॅनेलपासून बारा हजार युनिट मिळतात, म्हणजे वरच्या उदाहरणात रिजेक्शन दोन टक्के उतरवून जे वाचले, त्याहून थोडेसेच जास्त. पॅनेलला लाखो रुपये लागतात. रिजेक्शन उतरवायला वाळूची रोजची चाचणी, पॅटर्नची (साचा ज्यावर घडवतात त्या नमुन्याची) निगा आणि गेटिंग (साच्यात रस नेणाऱ्या वाटा) नीट ठरवणारा एक जाणता माणूस लागतो. दोन्ही करावे, पण आधी काय करावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चाचणीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ही माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. जुने मोल्डर वाळू मुठीत दाबून, मोडून तिचा ओलावा सांगायचे आणि तो बरोबर यायचा. त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण आज हाय प्रेशर (यंत्राने साचे दाबणाऱ्या) लाइनवर तासाला शेकडो साचे निघतात, तिथे अंदाजावर चालत नाही. ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी (वाळू किती दाबली जाते), परमिअॅबिलिटी (तिच्यातून वायू किती सुटतो), ताकद हे सगळे पाळीत दोन-तीनदा तपासले पाहिजे आणि आकडे फळ्यावर लिहिले पाहिजेत. उन्हाळ्यात परतीची वाळू गरमच मिक्सरला गेली, की ओलावा टिकत नाही आणि दुपारच्या पाळीत ब्लो होल (वायूची छिद्रे) आणि सँड इन्क्लुजन (कास्टिंगमध्ये अडकलेली वाळू) वाढते. हे प्रत्येक सुपरवायझरला माहीत असते. तरीही वाळू थंड करायच्या कूलरची फाइल वर्षानुवर्षे मंजुरीला पडून असते, कारण तो 'उत्पादनाचा' खर्च वाटत नाही.

यानंतरही टाकाऊ वाळू उरणारच. तिचे काय करायचे, हेही काही अवघड कोडे नाही. साच्याची वाळू यंत्रात घासून तिच्या कणांवरची मेलेली माती बऱ्याच अंशी काढता येते. रेझिनच्या कोअरची वाळू ६००-७०० अंशांवर भाजली की रेझिन जळून जाते आणि वाळू पुन्हा कोअरला चालते. फक्त त्यासाठी ती आधीपासून वेगळी ठेवायला हवी. सोडियम सिलिकेटच्या, म्हणजे सीओटू कोअरचे गोळे रेझिनच्या वाळूत गेले तर अख्खी खेप बिघडते. घरात ओला-सुका कचरा एका बादलीत टाकल्यावर जे होते तेच इथे होते. नॉकआउटजवळ, म्हणजे साचे फोडतात तिथे, दोन वेगळे बंकर (वाळूचे साठे) आणि कोअरचे गोळे वेचणारी चाळणी एवढ्यावर निम्मे काम होते. त्यातूनही जी वाळू उरेल ती तपासणी करून विटा, पेव्हर ब्लॉक, रस्त्याचा भराव यांत वापरता येते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१४ मध्ये धोक्याचा अभ्यास करून सांगितले की लोखंड, पोलाद आणि अॅल्युमिनियमच्या फाउंड्रीची सिलिका वाळू मातीशी संबंधित ठरावीक कामांत सुरक्षितपणे वापरता येते. पितळेच्या फाउंड्रीची वाळू त्यात धरलेली नाही, हेही ध्यानात ठेवावे. आपल्याकडेही तपासणीशिवाय एक डंपर हलता कामा नये.

इथे माझे उद्योजक मित्र म्हणतील, नवी वाळू स्वस्त आहे आणि भाजायला गॅस महाग आहे, हिशेब बसत नाही. एकट्या छोट्या फाउंड्रीचा तो बसणार नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे काम वसाहतीने मिळून करण्याचे आहे. शिरोलीच्या उद्योजकांची 'स्मॅक', गोकुळ शिरगावच्या उद्योजकांची 'गोशिमा', कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आणि फाउंड्रीमनच्या संस्थेचा इथला चॅप्टर यांनी आजवर एकत्र येऊन पुष्कळ कामे केली आहेत. प्रत्येक फाउंड्रीने वर्षभर वाळूचे वजन प्रकारानुसार नोंदवले आणि ते आकडे संघटनेकडे दिले, तरच सामायिक यंत्रणा किती क्षमतेची हवी आणि कुठे हवी हे ठरेल. अंदाजावर उभारलेले प्रकल्प रिकामे राहतात.

दुसरी बाजू खरेदीदारांची. सेबीच्या नियमामुळे २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यामुळे मोठ्या कंपन्यांकडून आपल्या फाउंड्रींना लांबलचक प्रश्नावल्या येतात. पाणी किती, वीज किती, कचरा किती. विचारतात हे बरेच आहे. पण त्याच कंपनीचा खरेदी विभाग दर वर्षी किलोमागे दर उतरवून मागतो. वाळू भाजायला किलोमागे जे काही पैसे जास्त लागतील, ते दरात वेगळे दाखवून मिळायला हवेत, जसा भंगाराच्या भावातला चढउतार आज मिळतो. ज्याच्या ट्रॅक्टरसाठी कासार्डेची जमीन खणली जाते, त्याने एवढा भार उचलावा ही मागणी अवाजवी नाही. आणि ती एकेकट्या फाउंड्रीने करून चालणार नाही, ऑर्डर शेजारी जाईल. संघटनेनेच ती करायला हवी.

केंद्र सरकारच्या 'झेड' (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट, म्हणजे निर्दोष माल आणि पर्यावरणाला हानी नाही) योजनेत सूक्ष्म उद्योगांना प्रमाणपत्राच्या शुल्कात ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के सवलत आहे. अनेकांनी त्यातली पहिली पायरी, ब्राँझ, घेतली, पण त्यातल्या फार थोड्यांनी सिल्व्हर-गोल्डचा विचार केला. ब्राँझ मिळाल्यावर थांबू नये, एवढेच म्हणतो.

शेवटी, ज्याचा उल्लेख अशा चर्चेत क्वचितच होतो तो नॉकआउटवरचा कामगार. सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारा इलाज नाही. नव्या वाळूचा वापर, साचे फोडणे, गोळे चाळणे, डंपर भरणे, यातले प्रत्येक काम तिथे कुणाच्या तरी नाकासमोर होते. वाळू भाजण्याची किंवा घासण्याची यंत्रे बसवाल तेव्हा धूळ ओढणारी यंत्रणा त्याच दिवशी बसवा आणि मास्क कपाटात कुलपात ठेवू नका. पर्यावरणाच्या नावाखाली आणलेल्या यंत्राने माणसांचा दम घोटला तर ते सुधारणेचे काम नव्हे.

या जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त झालेले सँड प्लँटचे आणि मेल्टिंगचे पुष्कळ लोक आहेत. संघटनांनी आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी वाळू तपासणीचे आणि रिजेक्शनच्या नोंदी ठेवण्याचे वर्ग सुरू केले, तर आम्ही शिकवायला येऊ. मानधनाची अपेक्षा नाही. फक्त त्या वर्गाला एक चालू सँड लॅब आणि जवळचा वजनकाटा मिळावा.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर, कोल्हापूर